नाण्यावरील देव आणि राजा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वाडी, नागपूर येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहातील खर्च, विद्यार्थी-साहाय्य निधी अशा उपयुक्त विषयांवर विद्वान वक्ते बोलत असतात. आम्ही जन्मभर शाळेत मुलांना इतिहास शिकविला. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी करू नये. तथापि, ज्या वस्तूला आपल्यापैकी प्रत्येकाचा हात रोज लागत आला, परंतु जिच्याकडे निरखून पाहण्याचे बहुधा कोणी मनावर घेत नाही, त्या वस्तूविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आले. ती वस्तू म्हणजे नाणे. नाण्यावर राजा आपले नाव घालतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच नाण्यावर देवाला जागा का मिळते, आणि त्या दोघांचा परस्परांशी संबंध काय, हा आजचा विषय होय.

हा विषय केवळ जिज्ञासेचा नाही. आपल्या घरोघरी दिवाळीत लक्ष्मीपूजनाला जुने रुपये मांडले जातात, आजीच्या पेटीत पुतळ्यांची माळ असते, आणि हल्ली मोबाईलवर ‘रामदरबाराचे जुने नाणे, किंमत काही लाख’ अशी चित्रे येऊन थडकतात. यांपैकी काय ठेवावे, काय मोडावे आणि कशाला भुलू नये हे कळण्यापुरते ज्ञान प्रत्येक कुटुंबाजवळ असणे अवश्य आहे.

प्रथम मूळ प्रश्न घेऊ. सोन्याचा किंवा चांदीचा तुकडा हा स्वतःच मौल्यवान असतो. मग त्यावर खूण कशासाठी? बाजारात प्रत्येक तुकडा कसोटीला लावून आणि काट्यावर तोलून घेऊ लागलो तर व्यवहार होणार कसा? म्हणून राजा म्हणतो, ‘हा तुकडा मी तोललेला आहे, याची धातू मी पारखली आहे, यावर माझी खूण पाहा आणि निःशंक घ्या.’ नाण्यावरील नाव म्हणजे राजाने रयतेला दिलेली हमी होय. पण राजाची हमी तरी रयतेने का मानावी? राजा आज आहे, उद्या नाही. तेव्हा राजा आपल्या नावाशेजारी देवाला आणून बसवितो. व्यवहाराच्या भाषेत बोलावयाचे तर नाण्यावरील राजा हा कर्जदार आणि देव हा त्याचा जामीन होय. हे एक सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे दोन हजार वर्षांची नाणी आपोआप बोलू लागतात.

आपल्याच प्रांतातून आरंभ करू. नाशिकजवळ जोगलटेंभी म्हणून गाव आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. ही सर्व नाणी मुळात क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूस त्याचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र. परंतु यांपैकी ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला शिक्का पुन्हा उमटविलेला आहे. शत्रूचा पाडाव केल्यावर त्याची नाणी वितळवून नवी पाडता आली असती. ते न करता त्याने नहपानाच्या तोंडावरच तीन कमानींची टेकडी आणि उलट बाजूस चार वर्तुळांचे उज्जयिनी चिन्ह ठोकले. आजही नीट पाहिले असता नव्या ठशाखालून नहपानाचे नाक-डोळे डोकावतात. राज्य बदलले ही बातमी सांगावयास दवंडीपेक्षा हा उपाय अधिक परिणामकारक ठरला असला पाहिजे. कारण दवंडी एकदा ऐकू येते, नाणे मात्र हातोहात फिरते.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. ती तीन कमानींची टेकडी काही विद्वान चैत्य मानतात, काही पर्वत मानतात. त्यावरून ‘राजा अमुक धर्माचा होता’ असे अनुमान काढण्याची घाई करू नये. याच गौतमीपुत्राला नाशिकच्या लेण्यातील त्याच्या मातेच्या शिलालेखात ‘एकब्राह्मण’ म्हणून गौरविले आहे, आणि तो शिलालेख कोरला आहे बौद्ध भिक्षूंना दान दिलेल्या लेण्यात! राजाची स्वतःची श्रद्धा आणि राज्याने सर्वांस दिलेला आश्रय या दोन गोष्टी त्या काळीही वेगळ्या होत्या. आपल्या विदर्भातही सातवाहनांची नाणी विपुल मिळाली. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सुमारे १,६०० नाण्यांचा साठा निघाला. त्या नाण्यांवर सोंड उंचावलेला हत्ती असून भोवती ब्राह्मी लिपीत राजाचे नाव आहे. आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास करून प्रसिद्ध केला आणि पुराणांतील याद्यांत नसलेली राजांची काही नावे उजेडात आणली. एखाद्या राजाचे अस्तित्वच नाण्यामुळे कळावे, यावरून या लहानशा चकतीचे मोल लक्षात येईल.

सहाव्या शतकात माहिष्मतीच्या कलचुरी घराण्यातील कृष्णराज याने चांदीची लहान नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी आहे. भोवतालच्या लेखात राजा स्वतःला ‘परममाहेश्वर’, म्हणजे महेश्वराचा परमभक्त, आणि ‘मातापित्यांच्या चरणांचे चिंतन करणारा’ असे म्हणवितो. अमरावती जिल्ह्यातील धामोरी येथे या नाण्यांचा मोठा साठा सापडला आहे. आता यातील महत्त्वाची गोष्ट ऐकावी. नाशिकजवळच्या अंजनेरी येथील ताम्रपट आठव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे कृष्णराजाच्या काळानंतर दीडशेच्या आसपास वर्षांचा. त्यात दंडाची रक्कम ‘कृष्णराज-रूपक’ या नाण्यात सांगितली आहे. राजा गेला, त्याचे घराणे गेले, चालुक्यांचे राज्य आले; पण नाण्याचे नाव बाजारात टिकले. आमच्या मते ही कीर्ती नंदीच्या चित्राइतकीच त्या चांदीच्या सचोटीची आहे.

पुढे देवगिरीच्या यादवांनी सोन्याचे पद्मटंक पाडले. मध्यभागी आठ पाकळ्यांचे कमळ, भोवती ‘श्री’, शंख आणि राजाचे नाव, अशी वेगवेगळी चिन्हे त्यावर ठोकलेली असतात. रामटेकच्या लक्ष्मण मंदिरात ज्याच्या काळचा शिलालेख आहे, त्या रामचंद्र यादवाचेही पद्मटंक उपलब्ध आहेत. कमळ लक्ष्मीचे, शंख विष्णूचा, आणि नाव राजाचे. तिघांना एका वाटाण्याएवढ्या सोन्यावर एकत्र बसविण्याचे ते कौशल्य पाहून आजच्या कारागिरानेही मान डोलवावी.

त्यानंतर मुसलमानी अमल आला. त्या राज्यपद्धतीत सार्वभौमत्वाच्या दोन खुणा मानल्या जात: शुक्रवारच्या नमाजात राजाच्या नावाचा खुतबा आणि टांकसाळीत त्याच्या नावाचा शिक्का. मूर्तीला मनाई असल्यामुळे चित्रांची जागा अक्षरांनी घेतली. कलमा, खलिफाचे नाव, सुलतानाच्या पदव्या यांनी नाणे भरून गेले. चित्र गेले तरी जामीन राहण्याची पद्धत गेली नाही.

परंतु नवा राजा जुन्या बाजारात आला म्हणजे त्याला बाजाराच्या भाषेत बोलावे लागते. गझनीच्या महमुदाने लाहोर येथे, ज्याला त्याने महमूदपूर म्हटले, १०२७-२८ साली चांदीची नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस अरबी कलमा आहे आणि दुसऱ्या बाजूस चक्क संस्कृत! ‘अव्यक्त हे एक आहे, मुहम्मद हा त्याचा अवतार, महमूद हा राजा’ असा त्या संस्कृत लेखाचा भाव आहे. ज्याची आठवण सोमनाथाच्या विध्वंसाने होते, त्याच पुरुषाच्या टांकसाळीत ‘अवतार’ हा शब्द कोरला गेला.

याचेच उलट उदाहरण दूरच्या स्पेन देशात सापडते. त्या देशावर काही शतके अरबांचे राज्य होते व बाजारात अरबी अक्षरांचे सोन्याचे दिनार चालत. ख्रिस्ती राजांनी १०८५ साली टोलेडो शहर जिंकले. पुढे अरबी दिनारांचा पुरवठा आटला, तेव्हा कास्तीलचा ख्रिस्ती राजा आठवा अल्फोन्सो याने ११७४ च्या सुमारास टोलेडोत स्वतःचे सोन्याचे नाणे पाडले. तेही अरबी भाषेत आणि अरबी लिपीत. त्यावर पोपला ‘ख्रिस्ती धर्मसंघाचा इमाम’ आणि राजाला ‘कॅथलिकांचा अमीर’ म्हटले आहे. वर लहानसा क्रूस आणि राजाच्या नावाची पहिली तीन रोमन अक्षरे. त्या नाण्याला लोक ‘मरावेदी’ म्हणत, आणि हा शब्द मूळ मुराबित या मुसलमान राजवंशाच्या नावावरून आलेला! त्याच देशात तीन शतकांनंतर फर्डिनांड आणि इझाबेला या राजा-राणींनी समोरासमोर तोंडे केलेली आपली चित्रे नाण्यावर घातली आणि ‘देवाने जे जोडले ते माणसाने तोडू नये’ या अर्थाचे बायबलवचन भोवती कोरले. विवाहातील वचन त्यांनी दोन राज्यांच्या एकीला लावून दाखविले. लाहोर आणि टोलेडो यांमध्ये हजारो कोसांचे अंतर. पण टांकसाळीतील शहाणपण एकच.

देवाची जामीनकी केव्हा निष्फळ ठरते, त्याचा दाखला मात्र आपल्या दौलताबादेत आहे. महंमद तुघलकाने १३३० च्या सुमारास पितळेची व तांब्याची नाणी पाडून ती चांदीच्या टंकाच्या भावाने घ्यावीत असा हुकूम काढला. दिल्लीप्रमाणे दौलताबादच्या टांकसाळीतही ती पाडली गेली. लोक विश्वास ठेवणार नाहीत याची सुलतानाला कल्पना असावी, कारण त्या नाण्यांवर ‘जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परम दयाळू ईश्वराचीच आज्ञा पाळतो’ अशा अर्थाचे धर्मवचन घातले होते. परिणाम काय झाला? घरोघरी खोटी नाणी पडू लागली, परदेशी व्यापारी ती घेईनात, आणि दोन-तीन वर्षांत सुलतानाला खजिन्यातून सोने-चांदी देऊन ती परत घ्यावी लागली. धातूत खोट असली म्हणजे ईश्वराचे नावही नाण्याला तारीत नाही. ईश्वराचे नाव मात्र विनाकारण हिणकस होते. आमच्या सर्व व्याख्यानाचे सार कोणी विचारले तर आम्ही हे एवढेच सांगू.

दक्षिणेत विजयनगरच्या सम्राटांनी उमामहेश्वर, लक्ष्मीनारायण, बालकृष्ण अशी दैवते होनांवर बसविली. त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज उतरले. आल्फोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० साली गोवा घेताच तेथे टांकसाळ काढली आणि क्रूस व पोर्तुगीज राजाचे चिन्ह असलेला खगोल ही चित्रे नाण्यांवर घातली. पुढे त्याच शतकात संत थॉमसाची आकृती असलेले सोन्याचे आणि संत सेबास्टियनाची आकृती असलेले चांदीचे नाणे गोव्यात चालू झाले. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचे राजपद स्पेनच्या राजाकडेच होते. म्हणजे स्पेनच्या राजाचा अमल साठ वर्षे आपल्या कोकणपट्टीच्या बाजारापर्यंत पोहोचला होता. नवल असे की, या ख्रिस्ती संतांच्या नाण्याला लोक ‘परदांव’ म्हणत. तो शब्द आपल्याच ‘प्रताप’ या जुन्या नाण्याच्या नावावरून आलेला. संत नवा, नाव जुने.

आता आपण रायगडावर येऊ. शके १५९६, म्हणजे इसवी सन १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस श्रीशिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला. त्यांच्या सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे नागरीत आहेत. पुष्कळांचा समज असतो की, महाराजांची संस्कृत राजमुद्रा नाण्यावर होती. ती पत्रांवरील मुद्रा होय. नाण्यावरील लेख याहून निराळा आणि अगदी थोडका. महाराज भवानीचे आणि शंभूमहादेवाचे परमभक्त. त्यांनी नाण्यावर देवतेचे चित्र घातले असते तर कोण नाही म्हणणार होते? तथापि त्यांनी फक्त ‘श्री’ हे एक अक्षर घातले. आम्हांस यात त्यांचा विवेक दिसतो. ज्या तांब्याच्या पैशाने भाजी घ्यावयाची, जो धुळीत पडावयाचा, ज्यावर पाय पडावयाचा, त्यावर मूर्ती नको. आणि दिल्ली-विजापूरच्या फारशी अक्षरांच्या काळात आपल्या लिपीतील नऊ अक्षरे हीच स्वातंत्र्याची घोषणा पुरेशी होती.

राज्याभिषेकसमयी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. मुंबईच्या इंग्रजी नाण्यांना स्वराज्यात चलन मिळावे अशी मागणी इंग्रजांनी केली. महाराजांकडून उत्तर मिळाले ते असे की, कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची सक्तीही आम्ही करणार नाही. अर्थशास्त्राची मोठी पुस्तके वाचूनही याहून अधिक काय शिकावयाचे? या धोरणाचे फळ असे की, शिवराई हा शब्द पुढे तांब्याच्या पैशालाच रूढ झाला आणि मराठी राज्य बुडाल्यावरही इंग्रजी अमलात कित्येक वर्षे बाजारात चालत राहिला. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची जी यादी आहे, तीत शिवराई होनाबरोबर देवराई, अच्युतराई, पातशाही होन आणि पुतळ्याही आहेत. सर्व धर्मांचे देव त्या एका खजिन्यात शेजारी-शेजारी नांदत होते.

पेशवाईत मराठ्यांची सत्ता अटकेपर्यंत गेली. पण रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचेच राहिले. आजचे तरुण हे वाचून खिन्न होतात. परंतु ज्या नावाला पेशावरपासून कटकपर्यंतचा सराफ ओळखतो, त्या नावाचा रुपया बट्ट्याशिवाय चालतो, हे व्यवहाराचे तत्त्व होते. बादशहाचे नाव हा पोशाख, आणि कोपऱ्यातील लहान खूण हा खरा मालक. पेशव्यांच्या रुपयावर अंकुशाची खूण असे, म्हणून तो अंकुशी रुपया. अहिल्याबाई होळकरांच्या काळच्या रुपयावर शाह आलम बादशहाच्या नावाबरोबर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे. आपल्या नागपूरकर भोसल्यांकडे १७५१ च्या तहाने कटक प्रांत आला आणि १८०३ पर्यंत राहिला. त्या कटकच्या रुपयावर अहमदशहा बादशहाचे फारशी नाव आणि त्याच्या शेजारी त्रिशूळ आहे. जगन्नाथाच्या मुलखातील यात्रेकरू फारशी वाचीत नसे. त्रिशूळ मात्र त्याला कळत असे. १८०६ साली यशवंतराव होळकरांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी संस्कृत श्लोकांचा रुपया पाडला. त्यात इंद्रप्रस्थाच्या राजाच्या कृपेने ही मुद्रा झाली असे म्हणून, लगेच यशवंतरावांचे मन लक्ष्मीपतीच्या चरणकमळी भ्रमरासारखे रमते असे सांगितले आहे. दिल्लीचा मान, विष्णूची भक्ती आणि स्वतःचे नाव, तिन्ही गोष्टी एका रुपयात आल्या.

इंग्रज कंपनी व्यापारी. तिने मद्रासेकडे व्यंकटेश आणि त्याच्या दोन्ही बाजूंस देवी असलेले सोन्याचे होन स्वतः पाडले, कारण तेथला बाजार तेच नाणे ओळखत होता. इकडे बादशहाच्या नावाचे रुपये पाडले. १८३५ साली सर्व मुलखात एकच रुपया सुरू करून त्यावर आपल्या राजाचे मुख घातले, तेव्हा बादशहा आणि देव दोघेही नाण्यावरून उतरले. तथापि देवाची आठवण सरकारला एकदा चांगलीच झाली. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्ज बादशहाच्या गळ्यातील साखळीत हत्तीचे लहान चित्र होते. ते सोंड आखूड असल्यामुळे डुकरासारखे दिसते अशी ओरड झाली. ती नाणी सरकारने परत घेऊन १९१२ पासून हत्ती सुधारून घातला. सत्ता कितीही बलाढ्य असो, नाणे घेणाऱ्याच्या भावनेला ठोकर मारून ते चालविता येत नाही.

आता घरातल्या नाण्यांकडे वळू. आपल्या भगिनींच्या पुतळ्यांच्या माळेचा इतिहास फार मनोरंजक आहे. इटली देशातील व्हेनिस नगरीने १२८४ साली साडेतीन ग्रॅमचे शुद्ध सोन्याचे डुकाट नावाचे नाणे काढले. एका बाजूस त्या नगरीचा निवडलेला अधिपती संत मार्कसमोर गुडघे टेकून ध्वज घेत आहे, आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वर्तुळात येशू ख्रिस्त उभा आहे. म्हणजे सत्ता देवाकडून मिळते हे चित्राने सांगितले आहे. हे सोने इतके चोख की, मसाल्यांच्या व्यापारातून ते आपल्या बंदरांत आले आणि आपल्या लोकांनी त्यावरील माणसांच्या आकृती पाहून त्याला ‘पुतळी’ म्हटले. सोनारांनी त्याच्या प्रतिकृती केल्या. संत मार्क कोण हे आमच्या आज्यांना ठाऊक नव्हते. पुतळ्यांची माळ म्हणजे सौभाग्याचे लेणे, एवढेच त्या जाणीत. तसेच व्हिक्टोरिया राणीचे. ‘राणीछाप’ रुपया आपण ताम्हणात ठेवून हळदकुंकू वाहतो. ती इंग्लंडची राणी आमच्या देवघरात लक्ष्मी होऊन बसली. राजा नाण्यावर जे कोरतो ते एक, आणि रयत त्यात जे पाहते ते दुसरे. या दुसऱ्या वाचनाला इतिहासात फारसे स्थान मिळत नाही, पण नाणे जिवंत ठेवते ते हेच.

स्वतंत्र भारताने १९५० पासून नाण्यावर सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह घेतले. स्तंभ बौद्ध स्थानचा, ‘सत्यमेव जयते’ हे वचन उपनिषदातले, आणि राज्य सर्व धर्मांचे. ज्ञानेश्वर माऊलींचे आणि छत्रपतींचे नाणे १९९९ साली निघाले, तुकोबारायांचे २००२ साली. वैष्णोदेवीचे नाणे २०१२ साली निघाले. २००५-०६ च्या दोन रुपयांच्या नाण्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा आणि चार ठिपके होते. ‘विविधतेत एकता’ असा त्याचा अर्थ सांगण्यात आला. पण हा ख्रिस्ती क्रूस आहे, अशी तक्रार पुष्कळांनी केली, आणि २००७ पासून नृत्यातील हस्तमुद्रांची नाणी आली. त्या वादात कोण बरोबर हे ठरविणे आमचे काम नाही. लोक आजही नाण्याकडे निरखून पाहतात आणि त्यावर कोणाचा जामीन आहे हे विचारतात, एवढे मात्र त्यावरून सिद्ध होते.

बंधुभगिनींनो, आता व्यवहाराचे चार शब्द सांगून हे व्याख्यान पुरे करतो.

पहिली गोष्ट फसवणुकीची. ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे इंग्रजीत लिहिलेले, राम-सीता, मारुती किंवा ॐ यांचे तांब्या-पितळेचे ‘आण्याचे’ नाणे लाखो रुपयांना जाते, असे सांगणारे लोक गावोगाव आणि मोबाईलवर फिरत आहेत. कंपनीच्या अधिकृत नाण्यांत असली नाणी नाहीत. मद्रासचे व्यंकटेशाचे होन खरे, परंतु ते बोटाच्या पेराएवढ्या सोन्याचे, आणि त्यांच्यावर ‘आणा’ नाही. रामदरबाराचे जे जुने ‘रामटंक’ असतात ते देवस्थानाचे प्रसादचिन्ह होय, चलन नव्हे. पूजेत ते अवश्य ठेवावे, पण श्रीमंत होण्याच्या आशेने विकत घेऊ नये. आमच्या परिचयातील एका सेवानिवृत्त गृहस्थांनी असे नाणे विकून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला ‘नोंदणी शुल्क’ म्हणून आधी रक्कम पाठविली आणि ती गेली ती गेलीच. जुनी नाणी व नोटा विकून देण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून पैसे मागितले जातात, अशी सूचना खुद्द रिझर्व्ह बँकेने २०२१ साली दिली आहे. खरेदी-विक्रीआधी जो शुल्क मागतो तो ठक, हे पक्के समजावे.

दुसरी गोष्ट कायद्याची. शेत नांगरताना किंवा घराचा पाया खोदताना जुनी नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. आपसांत वाटून सोनाराकडे नेल्यास गुन्हा तर होतोच, पण एखाद्या तऱ्हाळ्याचा इतिहासही मुशीत वितळून जातो. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये परदेशी पाठविता येत नाही, हेही परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या आईबापांनी ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट घरची. मुलीच्या लग्नात जुने सोने मोडावे लागते. ते आम्हांस कळते, आणि कोणास दोष देणे आमच्या मनात नाही. परंतु पुतळ्यांची माळ मोडण्यापूर्वी प्रत्येक पुतळीची दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, वजन लिहून ठेवावे, आणि ती कोणाकडून कोणाकडे आली ते आजीला विचारून वहीत नोंदवावे. शक्य असल्यास एक तरी पुतळी आणि एक तरी शिवराई घरात राहू द्यावी. नाणी घासून चकचकीत करू नयेत. घासल्याने अक्षरे जातात, आणि अक्षरे गेली म्हणजे राजाही गेला आणि देवही गेला. सुटीच्या दिवशी मुलांना आपल्या नागपुरातील अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात न्यावे. तेथील नाणी पाहून मुले जे प्रश्न विचारतील त्यांची उत्तरे शोधताना आईबापांचेही शिक्षण होईल.

आमच्या वाडीत अमरावती रस्त्याला मालमोटारींची आणि गोदामांची दाटी आहे. येथील आपले कित्येक बांधव आता भाड्याचे पैसे मोबाईलवरच घेतात. नाण्याचा आवाज कमी होत चालला आहे. ज्या पैशाला धातू नाही, वजन नाही, त्यावर देवाचे चित्र कोठे घालणार आणि राजाचे नाव कोठे कोरणार? परंतु हमीची गरज संपलेली नाही. कृष्णराजाचे रूपक दीडशे वर्षे चालले आणि तुघलकाचे पितळ तीन वर्षांत बुडाले, यातील भेद सचोटीचा होता. आपल्या मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवरही माथ्याला ‘श्री’ छापलेला असतो. त्या ‘श्री’चा मान खजिनदाराच्या चोख हिशेबाने राहतो; शाईने राहत नाही. हे आपण सर्वांनी जपावे एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.